अहो, सायकल घेऊन खाडीत शिरतात म्हणे!

ऐकलंत का? आमच्या उलव्याच्या सोसायटीत सी-विंगला ते सीए राहतात ना, पहिल्या मजल्यासाठीसुद्धा लिफ्टची वाट बघणारे, ते मध्यंतरी एकदा पहाटे चार वाजता सायकल घेऊन खाली उतरले. डोक्याला दिवा, पाठीला पाण्याची पिशवी, अंगात घट्ट काळी चड्डी. वॉचमननं विचारलं, "साहेब, एवढ्या पहाटे कुठं?" तर म्हणाले, "खाडीत." बिचाऱ्यानं थेट सेक्रेटरींना फोन लावला. घरचा कर्ता पुरुष अंधारात खाडीत जातो म्हणून निघतोय आणि आपण फाटक उघडून द्यायचं, हे काही त्याच्या पगारात बसणारं नव्हतं. दुपारी एकला साहेब परत आले ते छातीपर्यंत राखाडी होऊन. सायकल कुठं संपते आणि साहेब कुठं सुरू होतात ते कळेना. आणि तोंडावर आनंद तो काय! लग्नाच्या अल्बममध्येही एवढा दिसत नाही, हे त्यांच्या बायकोचंच मत, माझं नाही.

तर हे नवं खूळ. ग्रॅव्हल बाईक म्हणतात. दिसायला शर्यतीची, हँडल खाली वळलेलं, पण टायर जाडजूड. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीचा टायर पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा. हिचा चाळीस ते पन्नास. तिच्यात हवा ८०-९० पीएसआय ठासून भरतात, हिच्यात तीस-चाळीसवर थांबतात, म्हणजे दगडधोंड्यावर टायर दबतो आणि पाठ वाचते. ट्यूब बहुतेकींना नसतेच. आत पांढरा चीक ओतायचा. काटा घुसला की तो चीक भोकात जाऊन आपोआप आळतो. पंक्चरवाल्याच्या पोटावर पाय, दुसरं काय. किंमत विचारू नका. विचारलीच आहे तर सांगते : पन्नास-साठ हजारांपासून सुरुवात, आणि कार्बनची परदेशी घेतली तर पाच-सात लाख. तेवढ्यात एसीवाली चारचाकी येते आणि तिला कुणी हौसेनं चिखलात घालत नाही.

या खुळाचं माहेर अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी. तिथल्या फ्लिंट हिल्सच्या खडीच्या रस्त्यांवर २००६ साली ३४ जणांनी दोनशे मैलांची शर्यत केली. तिला आता 'अनबाउंड ग्रॅव्हल' म्हणतात आणि हजारोंनी लोक पैसे भरून येतात. २०२२पासून तर या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धासुद्धा होते. पहिली इटलीत झाली. आणि गंमत ऐका, २०२३ साली त्या कॅन्ससच्या शर्यतीत चिखल असा माजला की भलेभले स्वार सायकल खांद्यावर टाकून चालत सुटले. तिथले मुरलेले लोक खिशात रंग ढवळायची लाकडी पट्टी ठेवतात, चाकातला चिखल खरवडायला. शर्यत सायकलीची, चालायचं पायी, हत्यार रंगाऱ्याचं!

बरं, खडबडीतच रस्ता हवा असेल तर आपल्याकडे कमी आहे का? पळस्पे ते इंदापूर महामार्ग रुंद करायचं काम २०११ला काढलं, तेव्हापासून खडी, धूळ, खड्डे, चिखल सगळं एका जागी आणि फुकट. पण तिथं फोटो चांगले येत नाहीत. यांना क्षितिजापर्यंत मोकळं पाहिजे, दोन्ही बाजूंना पाणी पाहिजे, वर रोहित पक्ष्यांचा थवा उडाला तर दुधात साखर. मग कुणीतरी उपग्रहाचा नकाशा मोठा करून पाहिला आणि त्याला खाडीकाठानं जाणारी एक सरळ बारीक रेघ दिसली. झालं, लागला शोध! त्या रेघेला आम्ही बांध म्हणतो. माझे आजोबा त्यावरून रोज अनवाणी जायचे, पण घरी येऊन किती कॅलरी जळल्या ते त्यांनी कुणाला कळवलं नाही.

उरणची मिठागरं ही यांची बालवाडी. तिथं जमलं की करंजाच्या धक्क्यावर लाँचमध्ये सायकली चढवायच्या, रेवसला उतरायचं आणि अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यात, घुसायचं. मुंबईची मंडळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडव्याला येतात, मोटारींच्या रांगेत सायकल उभी करून, वर डेकवर कॉफी पीत. अटल सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे म्हणून, नाहीतर तिथूनही आले असते. गोव्याकडे दिवाडीला नि चोडणला तर खाजणाचे बांध पाहुण्यांना सायकलवरून दाखवायचे दौरे निघतात. म्हणजे आता ही हौस राहिली नाही, धंदा झाला.

आता कपड्यांचं सांगू का? मुलं बाहेर गेलीत ना? त्या घट्ट चड्डीच्या आत एक जाड गादी शिवलेली असते आणि तिच्या आत, म्हणजे, आणखी काही घालायचं नसतं. नियमच आहे तसा. शिवण घासते म्हणे. वरून एक मलमही लावतात. असल्या पोशाखात ही माणसं सकाळी आठ वाजता गावच्या देवळासमोर पारावर बसून केळी खातात, आणि बायका हंडे घेऊन जाताना पदर तोंडात धरून हसतात. सीएंच्या बायकोनं तर ती चड्डी गच्चीत वाळत घालायला बंदी केली आहे. पण मी म्हणते, यात नवं काही नाही. फ्रान्सच्या किनाऱ्याला इल द रे नावाचं बेट आहे, तिथंही मिठागरं आणि आता त्यांच्यामधून सायकलींचे रस्ते. तिथं पूर्वी मिठागरात राबणाऱ्या गाढवांच्या पायांना डास-माशा चावू नयेत म्हणून त्यांना चक्क पट्ट्यापट्ट्यांच्या विजारी घालायचे. अजूनही पाहुण्यांसाठी घालतात. खाडीत जायचं तर खास पोशाख लागतो, हे गाढवांना आधी कळलं होतं, एवढंच.

पण खरी मजा पुढे, चिखलात. शहरी माणसाला चिखल म्हणजे पावसाळ्यातला लाल, पाण्यानं धुतला की गेला. खाडीचा गाळ तसला नाही. पिठाहून बारीक, काळसर, वरून वाळल्यावर भेगाळलेला, कोरडा ठणठणीत दिसणारा. त्याच्यावर पाय ठेवला की पापुद्रा फुटतो आणि खालचा गिळतो. टायर फिरतो तसा एकेक थर गुंडाळत जातो. मग टायर आणि चिमट्याच्या मधली फट भरते आणि चाक जागच्या जागी बसतं. नऊ किलोची सायकल पंधरा-वीस किलोची होते. हलकी मिळावी म्हणून लाखभर जास्त मोजलेले असतात हो! निवट्या बिळातून डोकं काढून बघतात, डोळे वटारून, आणि परत आत जातात. त्यांना पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत जाता येतं, तेही बिनगिअरचं.

अशात एकानं काय करावं? चाक खरवडायला काठीला तिवराची फांदी मोडली. तिवर नव्हे, चिप्पीची असेल. तो काही ओळखत नव्हता. पांढरी चिप्पी हा २०२०पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे, आणि २०१८मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवनाची नासधूस हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरच घाला ठरवला आहे. हे त्याला कुणी सांगितलं? तर खेकडे धरायला आलेल्या म्हातारीनं. "आरं, ती नको तोरूस, पोलिसांत देतील!" आणि स्वतःच्या टोपलीतली चिंबोऱ्या हुसकायची लोखंडी सळी दिली त्याला. सात लाखांचं यंत्र दहा रुपयांच्या सळीनं मोकळं झालं. वर तिनं विचारलंच, "रस्ता तिकरं हाय ना, मंग इकरं कनाला आला?" याचं उत्तर त्यांच्या ग्रुपमध्ये अजून कुणाला सापडलेलं नाही.

चिखल निघतो हो, मीठ निघत नाही. ओलं असताना दिसत नाही, वाळलं की साखळीच्या प्रत्येक कडीत पांढरं बसतं, आणि हवेतलं बाष्प ओढून रात्रभर काम करत राहतं. पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचा सांगाडा यांच्या मध्ये खारं पाणी शिरलं की त्या दोघांची बॅटरी होते आणि ॲल्युमिनियम झिजायला लागतं. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकत्र आले तरी तेच. सीटचा दांडा नळीत असा चिकटतो की मेकॅनिक हात जोडतो. म्हणून नियम असा की घरी पोचायच्या आत सायकल गोड्या पाण्यानं धुवायची. जोराच्या फवाऱ्यानं नव्हे. त्यानं पाणी बेअरिंगमध्ये जातं. बादली, फडकं, आणि वेळ.

आता गोडं पाणी. पेणचा खारेपाट हा काय प्रकार आहे ते माझ्या माहेरी येऊन बघा. वाशी-शिर्कीकडे उन्हाळा लागला की बायका टँकरच्या तारखा सणावारापेक्षा पक्क्या लक्षात ठेवतात. धरण आहे हो तालुक्यात, हेटवणे. त्याचं पाणी नळातून इकडे नवी मुंबईत, आमच्या उलव्यात येतं. तर उलव्यात हेटवण्याच्या पाण्यानं शॉवर घेणारा माणूस पंचेचाळीस किलोमीटर सायकल हाणत खारेपाटात जातो आणि तिथल्या बाईला म्हणतो, "ताई, एक बादली पाणी मिळेल का? सायकल धुवायची आहे." मला सांगा, यापुढे ती चड्डी म्हणजे काहीच नाही! माझी भावजय मात्र पक्की. तिनं ओसरीवर दर लावून टाकलाय : प्यायचं पाणी फुकट, सायकलीचं पन्नास रुपये बादली. पैसे दिले तरी अर्धी बादलीच देते, आणि धुतलेलं पाणी फणसाला नको, मीठ आहे म्हणून लांब ओतायला लावते. पुढे तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं कालवण, त्याचे वेगळे. जिताडा मासा मागणाऱ्यांना ती हसते. जिताडा पूर्वी कचेरीतलं अडलेलं काम सोडवायला जायचा असं म्हणतात. सायकलवाल्याला कोण वाढतंय!

भरतीचं तर विचारूच नका. यांच्या हँडलवर एक यंत्र असतं. चढ किती टक्के, काळजाचे ठोके किती, वारा कुठून, सगळं दाखवतं. फक्त पाणी कधी येणार ते विचारायचं सुचत नाही. बांध तसा पाण्याच्या वर असतो, पण मधे कुठं तो फुटलेला असतो, त्याला आमच्याकडे खांड गेली म्हणतात. ओहोटीला खांडीतून घोट्याएवढं पाणी. साहेब सायकल उचलून पलीकडे जातात, फोटो काढतात, पुढे पाच किलोमीटर जाऊन अजून फोटो काढतात आणि परत येतात तो तिथं छातीएवढं वाहतं पाणी! मागं खांड, पुढं खाडी, डोक्यावर ऊन आणि मधल्या बांधावर पाच-सात रंगीत हेल्मेटं. आपल्याकडच्या समुद्रात भरती-ओहोटीतला फरक उधाणाला चार मीटरच्या वर जातो. केरळात निम्मासुद्धा नसतो. मुंबईची पालिका साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी पावसाळ्याआधीच जाहीर करते, ती काय हौस म्हणून?

आणि यंत्र तरी कशाला? आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ. तास दिवसाचाही तोच, रात्रीचाही तोच. पुनवेला-अवसेला बाराच्या सुमाराला पाणी भरतं आणि ते उधाणाचं, सगळ्यांत मोठं. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी उगाच चढल्यासारखं करतं. हे गणित सीएंना समजावलं तर त्यांनी आधी विचारलं, "तिथी कुठल्या ॲपवर मिळते?" भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. त्याच्याखालीच उभे होते.

गावातली म्हातारी माणसं यावर हसतात, पण बांधाचं नाव निघालं की हसत नाहीत. तो बांध म्हणजे काही आपोआप उगवलेला नाही. एकीकडे खारं पाणी, दुसरीकडे भातशेत, आणि मधे माणसांनी डोक्यावर माती वाहून घातलेली भिंत. समुद्राकडचा तो बाहेरकाठा. बांधातल्या उघाडीला एकाच बाजूनं उघडणारी झडप असते; ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. चिंबोऱ्यांनी बिळं केली, पाणी झिरपायला लागलं, की त्याच दिवशी चिखल लावायचा. उद्यावर टाकलं तर अवसेला खांड जाते. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढचे कितीतरी पावसाळे जमीन धुतली जायची वाट बघत बसायचं. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथं खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या भाताच्या जाती काढल्यात. पण त्या तग धरतात, पोहत नाहीत. याच खारेपाटात, अलिबागजवळच्या चरीला, कुळांनी १९३३ ते १९३९ नांगर धरला नव्हता. खोतांच्या विरुद्ध, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून. उपास काढले, पण खंड दिला नाही. त्या मातीच्या बांधावर ओल्यात सायकली घातल्या की चाकोरी पडते, चाकोरीतून पावसाचं पाणी वाहतं आणि बांध तिथंच खचायला लागतो. यांच्यातलेच काही शहाणे आता पावसाळ्यात बांधावर जात नाहीत आणि दुसऱ्यांनाही जाऊ देत नाहीत. बाकीचे म्हणतात, आमची सायकल नऊ किलोची, तिनं काय होणार. चालवणारा नव्वदचा आहे, ते धरत नाहीत.

तरी मला एक कळत नाही. टायरच्या चाकोरीवरून एवढी बोंब, आणि २०२४ला मुलुंड-भांडुप-कांजूरमार्गकडची २५५.९ एकर मिठागरं धारावीच्या पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. उलवं तरी कशावर उभं आहे? जाऊ दे. तो विषय काढला की फ्लॅटच्या भावावर घसरतो आणि माणसं गप्प होतात. सायकलीचं बरं असतं, मोकळेपणी बोलता येतं.

हां, तर सांगायचं राहिलंच. ते तिथीचं गणित कळल्यापासून आणखी भलतंच झालंय. यांना हवी पहाटेची ओहोटी, म्हणजे दिवस उगवताना बांध कोरडे. पहाटे सहाला ओहोटी कधी? तर बाराला भरती असेल तेव्हा. म्हणजे पुनवेला नाहीतर अवसेला! एरवी अवसेला नवी चप्पल न घालणारी ही घरं, आणि त्यांतले पुरुष आता कॅलेंडरवर अमावास्येभोवती लाल गोल काढून ठेवतात. पहाटे चारला, अंधारात, खाडीत! सीएंच्या आईंनी पहिल्या दिवशी रडून पाहिलं, दुसऱ्या वेळी अन्न सोडून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कार्बनच्या दांड्याला लिंबू-मिरची बांधली. ती बॅटरीच्या दिव्यासमोरच लोंबत होती म्हणून पुढं काही दिसेना. मग यांनी ती सीटखाली हलवली, पण काढली नाही. काढायची हिंमत होत नाही म्हणे. त्यांच्या ग्रुपात आता निम्म्या सायकलींना असते.

आणि आता ताजी बातमी, कुणाला सांगू नका. पुढची राइड सर्वपित्रीला ठरली आहे. आई म्हणाल्या, वडिलांचं पान कोण वाढणार? तर म्हणतात, दहापर्यंत येतो, काकबळी बाराला आहे ना! अहो, पण बाराला भरती, तीही उधाणाची, आणि वाटेत दोन खांडी. मी आईंना सांगून ठेवलंय, भावजयीचा नंबर घेऊन ठेवा. अडकलेच तर ती बांधावर केळीचं पान नेऊन देईल. कावळे तिथं हवे तेवढे आहेत. फक्त ती दर काय लावेल ते मला विचारू नका.